शब्दचर्चा: स्पर्धकाशीच सहकार्य, याला एक शब्द हवा

टाचणी: व्यवस्थापनावरच्या मजकुराचं भाषांतर 'को-ऑपेटिशन'पाशी अडलंय. 'सहस्पर्धा' लिहिलं होतं, संपादकांनी खोडलं. वाक्य असं: सॅमसंग आणि सोनी यांनी 2004 मध्ये एलसीडी पॅनेल बनवायला एस-एलसीडी ही कंपनी मिळून काढली, आणि त्या पॅनेलांचे टीव्ही मात्र एकमेकांविरुद्ध विकले. या प्रकाराला नाम हवंय. कंसात इंग्रजी चालणार नाही.

जुनी पोथी: खोडलं ते बरंच झालं. सहप्रवासी, सहकलाकार, तसा सहस्पर्धक म्हणजे शर्यतीत शेजारच्या पट्ट्यात धावणारा. त्यात सहकार्य कुठे आलं? 'स्पर्धासहकार' करा. द्वंद्व समास, दोन्ही पदं सारख्या वजनाची.

मोजपट्टी: अचूक आहे, पण एकदा मोठ्याने म्हणून बघा. शिवाय 'सहकार' दिसला की वाचकाला पतपेढी आठवते. इंग्रजी शब्दही दोन तुकडे जोडूनच केलेला. नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीच्या रे नूर्डांनी तो रुळवला आणि 1996 मध्ये ब्रँडनबर्गर-नेलबफ या प्राध्यापकांनी त्याला गेम थिअरीच्या, म्हणजे एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणिताच्या, पायावर उभं केलं. मूल्य निर्माण करताना सहकार्य, ते वाटून घेताना स्पर्धा, असा त्यांचा मुद्दा, आणि दोन्ही एकाच कंपनीशी. त्यामुळे 'आधी मैत्री, मग लढाई' असा क्रम सुचवणारा शब्द नको.

बैठा खेळ: मुळात 'गेम थिअरी'ला काय लिहिलंय?

टाचणी: 'क्रीडा सिद्धांत'.

बैठा खेळ: मग मैदान आणि शिट्टी आलीच. फॉन नॉयमान यांच्या 1928 च्या जर्मन लेखाच्या शीर्षकात 'गेझेलशाफ्ट्सश्पीले' आहे, म्हणजे चारचौघांत बसून खेळायचे खेळ. आपले बैठे खेळ! 'द्यूत'ही नको, तिथे फासा ठरवतो. इथे माझी चाल तुमच्या चालीच्या अंदाजावर आणि तुमची माझ्या. 'डावसिद्धांत' म्हणा.

जुनी पोथी: 'त्याने डाव साधला' हे कौतुकाने म्हणतात का? शास्त्राच्या नावाला कपटाचा वास कशाला?

मोजपट्टी: वासाचंच बोलायचं तर कैद्यांच्या पेचात, म्हणजे दोघांनी एकमेकांना न विचारता साथ द्यायची की नाही ते ठरवायचं त्या डावात, साथ न देण्याला 'दगा' म्हणतात, त्याचं बोला. स्पर्धकाने भाव उतरवला तर कोणता शब्द मोडला त्याने? मी 'साथ' आणि 'सोड' अशी जोडी वापरतो. नेहमीचे आकडे, म्हणजे मिळणारे गुण: दोघांची साथ, 3-3. दोघांची सोड, 1-1. एकानेच सोडली तर त्याला 5, साथ देणाऱ्याला 0. डाव एकदाच असेल तर समोरचा काहीही करो, सोडणं फायद्याचं. पण डाव पुन्हापुन्हा होणार असेल आणि एकदा सोडणाऱ्याला परत कधीच साथ मिळणार नसेल, तर पुढची फेरी होण्याची शक्यता निदान निम्मी हवी, मग साथ टिकू शकते. (5−3) भागिले (5−1), म्हणजे 0.5. फेऱ्यांची संख्या आधीच ठरलेली असली की मात्र गणित बिघडतं. शेवटच्या फेरीत सोडायला कुणाला भीती नाही, म्हणून तिच्या आधीच्या फेरीतही नाही, असं उसवत उसवत पहिल्या टाक्यापर्यंत येतं. मुदतीच्या करारात नूतनीकरणाची वाट उघडी ठेवतात ती यासाठी.

ठोशास ठोसा: 'टिट फॉर टॅट'चं 'जशास तसे' केलं असेल तर तेही तपासा. मराठीत त्याची सुरुवातच समोरच्याच्या आगळिकीपासून होते. हाच पेच पुन्हापुन्हा खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमांची ॲक्सेलरॉड यांनी स्पर्धा घेतली, तिच्यात रॅपोपोर्ट यांची या नावाची चाल पहिली आली ती उलटी होती: पहिल्या फेरीत आपणहून साथ, मग समोरच्याने मागच्या फेरीत केलं तेच. तिचं दुखणं वेगळं आहे. एक खेप नुसती उशिरा पोचली आणि समोरच्याला ती 'सोड' वाटली, की दोघे आळीपाळीने एकमेकांना शिक्षा करत बसतात. वरच्याच आकड्यांवर तीनातून एकदा माफ करणं बसतं, साखळी तुटते. त्याहून जास्त माफ केलं की समोरचा सोकावतो.

टाचणी: माझा शब्द राहिला हो बाजूला.

बैठा खेळ: 'भिडू' घ्या की! आपल्या बाजूचा गडी तो भिडू. पण शब्द 'भिडणे'वरून. भिंतीला भिंत भिडते, पैलवानाला पैलवान भिडतो. चिकटणंही आलं, झुंजणंही आलं. 'भिडूगिरी'.

जुनी पोथी: ओढूनताणून. मग मी 'भीड'वरून आला म्हणतो, एकमेकांची भीड राखणारा. शिवाय भिडू उलटला की तो भिडू उरत नाही, फितूर होतो. आणि '-गिरी' लागली की दादागिरी.

मोजपट्टी: काहीही घ्या, 'संगनमत' आणि 'साटेलोटे' तेवढे टाळा. पॅनेलचा कारखाना एकत्र चालवता येतो. टीव्हीचा भाव एकत्र बसून ठरवला की ते संगनमत, आणि बहुतेक देशांत बेकायदा. 'मिळून काढली'तही एक मेख आहे: सॅमसंगकडे निम्म्याहून एक शेअर जास्त होता. 2011 च्या अखेरीस सोनीने आपला वाटा सॅमसंगलाच विकायचं ठरवलं. पॅनेल बाजारात सहज मिळत असताना कारखान्यात पैसा अडकवायचा कशाला?

ठोशास ठोसा: कुणाच्या वाट्याला किती हे सांगताना मजकुरात 'ॲडेड व्हॅल्यू' आलं तर त्याचं 'मूल्यवर्धन' करू नका, ते कच्च्या मालावरच्या प्रक्रियेचं झालं. इथे साधी वजाबाकी आहे: तुम्ही असताना सगळ्यांचं मिळून किती, वजा तुम्ही नसताना किती. चिप एकट्या 'क'कडे, जुळणी 'ख' किंवा 'ग' कुणीही करावी, एकूण 100. 'क' गेला तर 0 उरतात, म्हणजे त्याचं मोल 100. 'ख' गेला तरी 100 च, त्याचं मोल शून्य. वाटणीला बसताना 'ख'च्या हातात काही नाही.

टाचणी: तूर्त 'स्पर्धासहकार' टंकलंय, मन मानत नाही. आणि पुढच्याच परिच्छेदात 'कॉम्प्लिमेंटर' आलाय: ज्याचा माल बाजारात असला की ग्राहक आपल्या मालाला जास्त मोजतो, तो. 'पूरककर्ता' बरा वाटतो का?

जुनी पोथी: 'जोडीदार' म्हणा.

बैठा खेळ: जोडीदार चालतो? मग भिडूने काय घोडं मारलं होतं?