माती परीक्षणाचा रिपोर्ट आलाय, खोडव्याला खताचं कसं बसवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माळशिरस तालुक्यात आमची दीड एकर मध्यम काळी जमीन आहे, खोडवा ऊस (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला), ड्रिपवर. नवीन पानं पिवळी-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे केवडाच (लोह कमी पडल्यावर येणारा पिवळेपणा) दिसतोय, म्हणून माती तपासून घेतली. नमुना ९ इंच खोल व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडून घेतलेला, सगळ्या प्लॉटमधला एकत्र करून.

रिपोर्ट: सामू (पीएच) ८.४, क्षारता ०.४२, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, मुक्त चुना १४ टक्के, लोह २.८ पीपीएम (४.५ च्या वर पाहिजे), पालाश (पोटॅश) मात्र भरपूर, हेक्टरी ४८० किलो.

दुकानदार म्हणतो पोटॅश टाकाच, पण एवढा पालाश असताना पैसे का घालवायचे? आणि चुनखडीत फेरस सल्फेट नुसतं टाकलं तर लोह पिकाला फारसं मिळत नाही, म्हणून एकरी १० किलो शेणखतात मुरवून द्यायचा विचार आहे, का सरळ ईडीडीएचए चिलेट (चुनखडीतही पिकाला मिळणारं लोहाचं खत) ड्रिपमधून सोडू? गंधकानं एवढ्या चुन्यात सामू खरंच उतरतो का? पाचट (उसाची वाळलेली पानं) कुजवून कर्ब कुणाचा वाढला असेल तर तेही सांगा, जमीन सुधारायचीच आहे. चुनखडीत ऊस असणाऱ्यांनी नक्की सांगा प्लीज.