'फुल थिकनेस टेअर'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, आईच्या खांद्याचा एमआरआय झाला, रिपोर्टात 'सुप्रास्पायनेटस टेंडनला ८ मिमीचा फुल थिकनेस टेअर' असं आलं आणि मी तिला समजावायला गेले तर तोंडातून निघालं 'स्नायू पूर्ण फाटलाय'. तिने हात पोटाशी धरला तो दोन दिवस सोडलाच नाही. नीट शब्द कोणता? टेंडनला स्नायू चालेल का?

–

ताई, स्नायू नको. आपल्याकडे स्नायू म्हणजे मसल, आणि तो हाडाला जिथे चिकटतो तो चिवट पट्टा म्हणजे टेंडन, त्याला कंडरा म्हणा. सुप्रास्पायनेटस हे खांद्याच्या एका स्नायूचं नाव, त्याची ही कंडरा. घोळ जुना आहे, सुश्रुतसंहितेत मसलला 'पेशी' म्हटलंय आणि आज पेशी म्हणजे सेल! पण तुमची खरी अडचण 'फुल'ची आहे. फुल थिकनेस म्हणजे जाडीत आरपार, रुंदीत सगळी नव्हे. लुगड्याला भोक पडलं म्हणून त्याचे दोन तुकडे होत नाहीत ना, तसंच. म्हणून 'आरपार फाट'. पार्शल टेअर म्हणजे एकच पदर गेलाय, ती 'अर्धवट फाट'. आणि टेंडिनोसिसला, म्हणजे कंडरा फाटली नाही पण झिजलीय त्याला, मी 'विरलेली कंडरा' म्हणेन, कापड वापरून विरतं तशी.

–

मी सोनोग्राफीच्या खोलीत पेशंटला मराठीतून सांगायचं काम करते म्हणून थोडं. एक्स-रेला लोक 'फोटो' म्हणतात आणि 'फोटोत काही आलं नाही म्हणजे कंडरा चांगली' असं धरून चालतात, पण फोटोत कंडरा दिसतच नाही, हाड दिसतं, कंडरेत कॅल्शियम साठलं असेल तर ते दिसतं. आरपार फाट सोनोग्राफीतही चांगली कळते, शिवाय हात हलवून बघता येतं, फक्त बघणारा हात सरावाचा हवा. एमआरआयमध्ये कंडरेला जोडलेला स्नायू किती सुकलाय, त्यात चरबी किती भरलीय तेही कळतं. सोनोग्राफीत हात मागे न्यायला पुरुषांना 'मागच्या खिशावर हात ठेवा' सांगतो, नऊवारीतल्या आजींना 'कासोटा खोचता तसा' म्हटलं की बरोब्बर नेतात.

–

आईला सांगितलं, 'कंडरेला आरपार फाट आहे, बाजूचे धागे धरून आहेत'. लगेच म्हणाली, मग रफू होईल का?

–

होतं, दुर्बिणीतून टाके घालतात. पण पुष्कळदा डॉक्टर आधी व्यायाम देऊन बघतात, तेही सांगा त्यांना.