'वे आउट वेस्ट' (१९३७): जाड्या-रड्याचा हा सिनेमा अजून का हसवतो, आणि तो नीट दाखवायचा कसा?

तिसरी_घंटा:
लॉरेल-हार्डी (स्टॅन लॉरेल म्हणजे आपला रड्या, ऑली हार्डी म्हणजे जाड्या) म्हटलं की गप्पा जिन्यावरून पियानो चढवण्याच्या त्या लघुपटावर येऊन थांबतात. 'वे आउट वेस्ट'चं नाव क्वचितच निघतं. माझ्या मते या जोडीचा सगळ्यात नितळ पूर्ण लांबीचा सिनेमा हाच. जेमतेम ६५ मिनिटांचा आहे. कथा पोस्टकार्डावर मावेल: सोन्याच्या खाणीचा कागद एका मुलीला पोचवायचा, तो भलत्याच बाईच्या हातात पडतो, मग तो परत मिळवायचा.

एकांकिकेच्या मुलांना टायमिंग समजावं म्हणून तालमीच्या हॉलमध्ये दाखवायचा आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, कोणते प्रसंग परत परत लावून बघावेत आणि त्यात नेमकं काय बघावं? दोन, हाताशी असलेल्या प्रतीत नाचाच्या वेळी दोघांचे पाय कापले जातात आणि गाणी जरा चिरकी वाटतात. हे दुरुस्त होतं का?

रीळवाला:
आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण प्रत बिघडलेली असेल तर पहिल्याला अर्थच उरत नाही.

चित्राची चौकट दोन प्रकारे बिघडलेली असू शकते आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. मूळ चौकट १.३७:१ आहे, म्हणजे जवळपास ४:३. घोडागाडीचं चाक दिसेल तिथे चित्र थांबवा. चाक अंड्यासारखं आडवं दिसलं तर चित्र ताणलेलं आहे. व्हीएलसीत (हा संगणकावरचा व्हिडिओ प्लेयर) 'ए' ही कळ दाबत ४:३ वर आणा, काम झालं. चाक गोल आहे पण डोकी आणि पाय कापलेले आहेत, असं असेल तर कुणीतरी रुंद पडदा भरण्यासाठी वरखाली कात्री लावली आहे. ती प्रत टाकून द्या, कापलेलं परत येत नाही. (एकदा 'सी' कळ मात्र दाबून बघा, कधीकधी प्लेयरचाच क्रॉप (चित्राच्या कडा कापणं) चालू राहिलेला असतो.) ताणलेली प्रत तर या जोडीच्या मुळावरच येते. एक सडपातळ, एक आडवा, ही गंमतच निघून जाते आणि स्टॅन नुसता धष्टपुष्ट दिसतो.

चिरका आवाज: बोलपट सेकंदाला २४ फ्रेमचा. युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ ने पळतो. ६५ मिनिटांचा सिनेमा साडेबासष्टच्या आत संपतो आणि स्वर पाऊण सेमीटोनच्या (सेमीटोन म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) आसपास चढतो. तुमच्या फाइलची लांबी बघा. तशी असेल तर व्हीएलसीत वेग ०.९६ करा. पण तेवढ्याने स्वर उतरणार नाही, कारण वेग बदलला तरी स्वर तोच ठेवण्याची सोय त्यात आधीपासून चालू असते. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'टाइम-स्ट्रेचिंग' बंद करा, मग वेग आणि स्वर दोन्ही जागेवर येतील. चार टक्के म्हणजे किरकोळ वाटेल, पण विनोदाच्या थांब्यांत ते चार टक्केच मारक ठरतात.

टीव्ही वापरणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. 'मोशन' असं काही दिसलं की आत शिरून शून्यावर न्या. सिनेमा मुळात कृष्णधवल आहे, त्याची ऐंशीच्या दशकातली रंगवलेली प्रतही नको. तिचा रंग शून्यावर आणला तरी करडे थर सपाटच राहतात. २०२० मध्ये अमेरिकेत लॉरेल-हार्डीच्या पुनरुज्जीवित प्रतींचा ब्लू-रे संच आला, त्यात हा सिनेमा आहे. मिळाला तर तोच घ्या. आवाज मोनो (एकपदरी) आहे, खोटा सराउंड लावू नका.

नेपथ्य_सांभाळणारी:
रीळवाल्यांशी सहमत. आता प्रसंग.

नाच आधी घ्या. सलूनच्या (म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या) पायऱ्यांवर अ‍ॅव्हलॉन बॉइज हा गायकांचा चमू गातोय आणि हे दोघे बाहेर उभे आहेत. मुलांना सांगा, नाच सुरू होण्याआधीचे काही क्षण बघा. आधी नुसतं ऐकणं. मग ताल अंगात थोडासा भिनतो. मग एकमेकांकडे नजर, आणि मग पावलं. कुठेही "बघा आता आम्ही नाचतो" असा आव नाही. चेहरे शांत, खूश, मन पूर्ण पावलांत. मागचा रस्ता खरा नाही, पडद्यावर मागून टाकलेलं चित्रीकरण आहे. एकदा कळलं की ते लक्षात येतं, पण नाचाचं काही बिघडत नाही. दोघं डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत आहेत, म्हणूनच पाय कापलेली प्रत चालत नाही. ऑलीचे पाय किती हलके पडतात ते खास दाखवा. एवढा वजनदार माणूस जमिनीला जेमतेम टेकतो.

दुसरा प्रसंग दोरीचा. रात्री वरच्या मजल्यावर जायचं आहे. कप्पीवरून दोर टाकलाय, ऑली लोंबकळतोय, स्टॅन खालून ओढतोय. स्टॅन म्हणतो, थांब, हाताला थुंकी लावतो. आणि दोर सोडतो. इथे मुलं हमखास चूक करतात. दोर सोडताना डोळ्यांत "आता मजा बघा" आणतात. स्टॅनच्या डोळ्यांत तसलं काही नसतं. ओढण्याआधी हाताला थुंकी लावायची असते, त्याच्या लेखी तो शहाणपणाचा विचार आहे. मूर्ख पात्र स्वतःला मूर्ख समजलं की विनोद तिथेच मेला. पुढे खेचर जुंपतात आणि ऑली खाली, खेचर वर! पण त्या हास्याची पेरणी थुंकीच्या वाक्यावर झालेली असते.

तिसरी_घंटा:
रीळवाला, लांबी ६२ मिनिटं निघाली. चाक गोल आहे, म्हणजे प्रत कापलेलीच. दुसरी शोधतो.
नेपथ्यताई, ऑली मध्येच कॅमेऱ्याकडे बघतो ते थांबे एकट्याने बघताना फार लांब वाटतात. दाखवताना भराभर पुढे पळवू का?

नेपथ्य_सांभाळणारी:
अजिबात नको! ते थांबे प्रेक्षकांसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे. सिनेमा थिएटरात लागण्याआधी लोकांना दाखवून ते कुठे किती हसतात हे बघायचं आणि संकलन त्याप्रमाणे सैल-घट्ट करायचं, अशी त्या काळी या जोडीचे सिनेमे काढणाऱ्या हॅल रोच स्टुडिओत रीत होती. हशा चालू असताना पुढचं वाक्य बुडू नये म्हणून ऑली आपल्याकडे बघत राहतो. एकट्याला ती जागा रिकामी वाटते. पंधरा-वीस जण एकत्र बसवा, ती आपोआप भरते. आणि मुलांना सांगा, त्या नजरेत तो डोळा मारत नाही. "हे माझ्याच नशिबी का" असं विचारतो, बस्स.

पहिल्या_रांगेतला:
टोपी खाण्याचा प्रसंग राहिला. कागद परत मिळाला नाही तर तुझी टोपी खाईन, असं स्टॅन बोलून बसलेला असतो आणि ऑली त्याला शब्द पाळायला लावतो. पायऱ्या मोजा: नकार, रडं (आपल्याकडे 'रड्या' नाव पडलं ते याच रडण्यावरून), पहिला घास, चव आवडणं, गळ्याला रुमाल, मीठ. शेवटी ऑली हळूच स्वतः एक तुकडा चाखतो आणि थुंकतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा अगदी थोडी पुढे आहे. तालमीत एखादी पायरी गाळून करून बघा. रडण्यावरून थेट मिठावर उडी मारली की प्रसंग नुसता विक्षिप्त होतो आणि हसू येत नाही.

अंगठ्याचा लायटरही तसाच बांधलाय. स्टॅन मूठ वळून अंगठा उडवतो आणि ज्योत लागते. कुणी त्याचा खुलासा करत नाही. ऑली प्रयत्न करत राहतो, जमत नाही, आणि जमतं तेव्हा तोच घाबरतो.

आणि ओढ्यातला खड्डा मोजायला लावा. स्टॅन आणि खेचर आरामात पार होतात, ऑली त्याच पाण्यात डोक्यापर्यंत गडप. सिनेमात हे तीनदा होतं, शेवटचं अगदी अखेरीला, सगळं गोड झाल्यावर. पहिल्यांदा धक्का असतो, दुसऱ्यांदा आठवण. तिसऱ्यांदा प्रेक्षक खड्डा ऑलीच्या आधी ओळखतो आणि तो पडायच्या आतच हसायला लागतो. दुसरी वेळ गाळली तर हे साधत नाही, म्हणून तुकडे दाखवू नका. आधी सलग ६५ मिनिटं, मग तुकडे.

रीळवाला:
सलग दाखवताना एक: हॉलमध्ये पूर्ण अंधार करा. १६:९ प्रोजेक्टरवर हे चित्र रुंदीचा सुमारे ७७ टक्के भागच घेईल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. उजेड असला की त्या करड्या दिसतात, आणि मग कुणीतरी उठून "पडदा भरत नाही" म्हणत रिमोटवरून चित्र ताणतं. रिमोट आधीच खिशात घाला.