‘शिरेत दाब वाढला की हृदय सुधारतं’ हे कुणी पसरवलं?

हार्टलंगवाला
सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर एक मजकूर आला. म्हणणं असं, की हृदयाच्या मुख्य शिरेत जाळी बसवून मुद्दाम दाब वाढवतात आणि छातीतलं दुखणं थांबतं. म्हणजे शिरांमधला दाब वाढणं चांगलंच, मग डॉक्टर पाणी उतरवायच्या गोळ्या देऊन तो कमी कशाला करतात? खाली तेरा जणांनी हात जोडले होते. त्यातल्या दोघांना मी ओळखतो, दोघेही त्याच गोळीवर आहेत. म्हणून लिहायला बसलो.

मी बावीस वर्षं हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, चालवलं. ऑपरेशनमध्ये हृदय थांबवायचं द्रावण कधी रोहिण्यांतून देतात, कधी करोनरी सायनसमधून, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं वापरलेलं रक्त गोळा करणाऱ्या त्याच मुख्य शिरेतून, उलट्या वाटेनं. महारोहिणी उघडी असली की करोनरीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या, भोकांतून काळपट रक्त उलटं बाहेर येताना दिसतं. उलटं देताना माझी नजर एकाच आकड्यावर असायची, सायनसमधला दाब. ४० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. काटा चढायला लागला की सर्जननं सांगायच्या आधी मी पंप मंद करायचो. सायनसची भिंत पातळ असते, फाटू शकते. नाही फाटली तरी स्नायूत पाणी झिरपून तो फुगतो.

आता हेच महिनोन्‌महिने झालं तर? केशवाहिन्यांतून थोडं पाणी कायम झिरपत असतं आणि लिम्फच्या नळ्या, म्हणजे शरीरातलं झिरपलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या, ते उचलून नेतात. सायनस हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात रिकामा होतो. त्या उजव्या कप्प्यात दाब चढला की सायनस तुंबतो आणि झिरपणं वाढतं. लिम्फच्या नळ्या शेवटी गळ्याजवळच्या मोठ्या शिरांतच रिकाम्या होतात, तिथंही दाब चढलेला, म्हणजे निचराही अडला. मोरी तुंबली की भिंतीला ओल धरते, तसं हे. लेन आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की अशा सुजेनं हृदयाचं काम मंदावतं, आणि सूज टिकली की स्नायूत तंतू साचतात. तंतू साचलेलं हृदय ताठ होतं, नीट भरत नाही. हे चांगलं कसं म्हणता?

लेस्टरकर
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण तुम्ही अर्धंच सांगताय. ती जाळी माझ्या वडिलांच्या हृदयात आहे. दोन बायपास, पाच स्टेंट, आणि मग ‘आता करण्यासारखं काही उरलं नाही’ हे वाक्य. कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत नेताना ते दोनदा थांबायचे, जिभेखाली फवारा मारायचे. मानेतल्या शिरेतून रिड्यूसर, म्हणजे तीच जाळी, सायनसमध्ये बसवला, डमरूच्या आकाराचा, मधे कंबर ३ मिलिमीटरची. पहिला महिनाभर काहीच फरक नाही, कारण जाळीवर पेशींचा थर धरल्याशिवाय वाट अरुंद होतच नाही. आता डबा एका दमात नेतात.

२०१५ च्या चाचणीत १०४ रुग्ण होते. अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं छातीत दुखणं, दोन पायऱ्यांनी उतरलेले जाळीवाल्यांत ३५ टक्के, नुसती खोटी प्रक्रिया केलेल्यांत १५ टक्के. मोरी तुंबवून माणूस बरा होतोय, त्याचं काय करायचं?

हार्टलंगवाला
वडिलांना आराम पडला याचा आनंदच आहे. पण १०४ माणसांवरून तेरा जणांनी आपल्या गोळ्या बंद करायच्या का? माझा राग त्यावर आहे.

लेस्टरकर
गोळ्या बंद करा असं मी कुठं म्हटलं? तुम्ही माझ्यावर दुसऱ्याचा राग काढताय.

कॅथलॅब_कट्टा
मी हृदयरोगाचा डॉक्टर आहे. दोघेही एका शब्दावर अडलात, ‘दाब’. रिड्यूसर फक्त सायनसच्या वाटेवर बसतो. उजव्या कप्प्यातला दाब तसाच राहतो, लिम्फचा निचरा मोकळा राहतो. शिवाय हृदयाचं सगळं रक्त सायनसमधून जात नाही. पुढच्या शिरा थेट उजव्या कप्प्यात उघडतात, थेबेसियसच्या बारीक शिरा थेट कप्प्यांत. काकांना आठवत असेल, उलटं द्रावण दिलं की उजव्या बाजूला ते नीट पोचत नाही, त्याचं कारण हेच. म्हणजे पळवाटा आहेत. उजवं हृदय फेल झालं की मात्र पळवाटाही त्याच तुंबलेल्या कप्प्यात उघडतात.

लेस्टरकर, तुम्हालाही एक सांगायचं आहे. ब्रिटनमध्येच झालेली २०२४ ची चाचणी बघा. अँजायनाचे झटके कमी झाले, पण एमआरआयवर स्नायूतला रक्तपुरवठा वाढलेला दिसला नाही. ‘मागून दाब दिला की रक्त उपाशी भागाकडे वळतं’ हे स्पष्टीकरण अजून सिद्ध व्हायचं आहे.

आणि ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सर्जन क्लॉड बेक यांनी १९४० च्या दशकात महारोहिणीतून थेट सायनसला शीर जोडली आणि नंतर सायनसचं तोंड आवळलं. ती शस्त्रक्रिया मागं पडली.

सांगलीची_लेक
चाचण्यांचं मला कळत नाही. हाच मजकूर आमच्याकडं दोन उन्हाळ्यांपूर्वीही आला होता, शब्दसुद्धा जवळपास हेच. आईची झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं अरुंद झालेली. तिनं पाणी उतरवायची गोळी आठ दिवस घेतली नाही आणि मला सांगितलं नाही. वर ‘उन्हाळा आहे’ म्हणून मीठ घातलेलं ताक दिवसातून चार वेळा. नवव्या दिवशी पैंजण काढायला साबण लावावा लागला. बोटानं दाबलं तर पायावर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. गळ्यातली शीर बसल्या जागी दिसत होती. वजन साडेचार किलो वाढलेलं. पाच दिवस दवाखान्यात.

कोकमसरबत
ताई, वाईट वाटलं, पण सगळं खापर ताकावर नको. माझ्या सासऱ्यांचं उलटं झालं. त्याच गोळीचा डोस कुणी वाढवला, पाणी लिटरभरावर आणलं, आणि मे महिन्यात सोडियम इतकं उतरलं की ते मोरीत पडले, खुबा मोडला. ‘पाणी कमी प्या’ हा मंत्र आंधळेपणानं म्हटला की काय होतं ते मी उचलून आणलंय. आणि चार लिटर पाणी प्या म्हणणारेही डॉक्टरच असतात ना?

सांगलीची_लेक
चार लिटर निरोगी माणसाला सांगतात. आईच्या फाइलवर दीड लिटर लिहिलंय, भाजीचा रस्सा, चहा, ताक सगळं धरून. मी पातेल्यावर खूण केलीय.

कोकमसरबत
दीड लिटर सगळ्यांना लागू नाही एवढंच म्हणतेय मी. तुम्ही मला शिकवायच्या सुरात बोलू नका.

सांगलीची_लेक
सूर तुम्हीच चढवलात. माझी आई पाच दिवस ऑक्सिजनवर होती, आणि तुम्ही म्हणता ताकाचा काही संबंध नाही!

कोकमसरबत
‘सगळं खापर नको’ म्हटलं मी. वर चढून वाचा.

कॅथलॅब_कट्टा
दोन्ही गोष्टी रोज ओपीडीत दिसतात. गोळी सुटली की सूज चढते, गोळी जास्त झाली की सोडियम उतरतं. त्यावर ग्रुपवरचा मजकूर हा इलाज नाही. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन घ्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. चक्कर येत असेल, लघवी कमी झाली असेल, तरी फोन करा. डोस स्वतः हलवायचा नाही, वरही नाही, खालीही नाही.

लेस्टरकर
मूळ मुद्द्यावर येतो. पळवाटांचा मुद्दा मला माहीत नव्हता, मान्य. तुंबलेलं हृदय आणि आवळलेला सायनस एक नव्हे, हेही मान्य. पण काका, ‘शिरेतला दाब म्हणजे नुकसानच’ हे तुमचं वाक्य तरी तुम्ही मागं घ्या.

हार्टलंगवाला
हे शब्द माझे नाहीत, पण रोख तोच होता, तेव्हा घेतो. किती दाब, किती दिवस आणि निचऱ्याला दुसरी वाट आहे का, यावर सगळं ठरतं, असं लिहायला हवं होतं. पण सूज आलेल्या माणसाच्या शिरेतला दाब चांगला, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

हा सगळा खुलासा मी ग्रुपवर सोप्या शब्दांत टाकला. हात जोडणाऱ्या त्या दोघांपैकी एकाचा आत्ताच फोन आला. अकरा दिवस गोळी घेतलेली नाही आणि फिरायचे बूट परवापासून पायात शिरत नाहीत. मी रिक्षा घेऊन निघालोय, त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडं नेतो. बाकी उत्तरं रात्री.