थकलेल्या लेखकाला 'रोज लिहा' सांगणं थांबवा

निळी शाई

जून उजाडला की दिवाळी अंकांचे फोन सुरू होतात. यंदा तीन आले. तिघांनाही मी 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला. गेल्या चौदा महिन्यांत माझी एकही कथा पूर्ण झालेली नाही. पहिला परिच्छेद होतो, दुसऱ्या दिवशी तो मलाच वाचवत नाही.

त्याआधीची चार वर्षं मी एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिले. आठवड्याला सहा भाग. रात्री अकराला हातात आलेला सीन सकाळी सातला सेटवर हवा. भागांची बँक, म्हणजे आधीच तयार भागांचा साठा, दोन दिवसांवर आली की जेवतानाही लॅपटॉप ताटाशेजारी. मी ते काम मन लावून केलं. पण तिसऱ्या वर्षी लक्षात आलं, की घरात कुणी रडलं तर आधी मनात येतं, हे कुठल्या पात्राला देता येईल. सासरे आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी आयसीयूबाहेरचाच सीन लिहिला. तो चांगला झाला. त्यानंतर आत काहीतरी बंद पडलं. मालिका संपली, मी मोकळी झाले, आणि शब्द आलेच नाहीत.

ज्याला सांगावं तो एकच सांगतो, रोज लिहा. मूडबिड काही नसतं, टेबलाशी बसा, रोज तीन पानं. मी बसले. नव्वद दिवस, पहाटे पाच ते सहा. दोनशे पानी वही संपून दुसरी निम्मी झाली. एक्क्याण्णवाव्या दिवशी पेन हातात घेतलं आणि मळमळायला लागलं.

नव्याने लिहू लागलेल्याला हा सल्ला जरूर द्या. पण जी व्यक्ती अति लिहूनच या अवस्थेला आली, तिला आणखी लिहायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. गाणाऱ्याचा आवाज बसला तर गुरू रियाज वाढवायला सांगत नाही, मौन सांगतो. लिहिणाऱ्याला मौन घ्यायला कुणीच का सांगत नाही?

जुळारी

मी सांगत नाही, आणि का सांगत नाही तेही लिहितो. एकोणीस वर्षं एका दिवाळी अंकाचं संपादन केलं. 'यंदा नको, जरा थांबतो' असं म्हणणारे कितीतरी लेखक पाहिले. त्यातले काही पुढच्या वर्षी परत आले. बाकीच्यांचं यंदाचं पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्या पुढच्या वर्षावर, आणि एक दिवस त्यांनी फोन घेणंच बंद केलं. त्यांच्यात माझ्या पिढीतले दोन फार मोठ्या ताकदीचे कथाकार होते. ती जखम माझ्या मनात अजून ओली आहे. न लिहिण्याचीही सवय लागते, आणि ती लिहिण्याच्या सवयीपेक्षा लवकर लागते.

आपलं कथावाङ्मय तारखेवर वाढलं आहे. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं मराठी कथेला मुदत आहे. त्याआधी हरिभाऊ आपट्यांनी 1890मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. अंक ठरल्या दिवशी निघायचा म्हणजे मजकूर हवाच, सुचो वा न सुचो. तरीही त्या कादंबऱ्या टिकल्या.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपल्या आज्या म्हणत. जात्यावर बसायचंच नाही ठरवलं तर ओवी यायची कुठून?

तुमचं दुखणं मला वेगळं वाटतं. चार वर्षं मालिका लिहिल्यावर आता जे वाक्य येतं ते मालिकेसारखं येतंय, याची तुम्हाला भीती वाटते. येऊ द्या. गाळ उपसल्याशिवाय विहिरीला स्वच्छ पाणी लागत नाही.

खोडवा

मी शिरोळ भागातला, उसाचा शेतकरी. कविता करतो, वर्षाला चार-पाच होतात.

जुळारी सर, गाळ उपसायचा हे खरं. पण झऱ्यालाच पाणी नसेल तर उपसून खडक लागतो.

ताईंचं वाचलं आणि मला माझं रान आठवलं. उसाची लागण तुटली की त्याच बुडख्यांवर खोडवा घेतात, खोडवा तुटला की निडवा. नवी बेणं-लागण नाही, नांगरट नाही, खर्च कमी. माझ्या रानात लागणीला एकरी साठ टन पडले, खोडव्याला पंचेचाळीस, निडव्याला तीस. लोभानं एकदा चौथं पीक घेतलं. ऊस बोटाएवढा झाला. खत कमी पडलं म्हणून मी दुप्पट युरिया टाकला, पानं हिरवीगार झाली, कांडी काही भरली नाही. ताईंचे नव्वद दिवस म्हणजे मला तो दुप्पट युरिया वाटला.

मग वडिलांनी ऊस मोडून त्या रानात हरभरा केला. हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधी हरभरा घेतलेलं रान, उसाला चांगला, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. रान रिकामं ठेवलं नाही, पीक बदललं. म्हणून मी ताईंच्या पूर्ण बाजूचा नाही. नुसतं पडीक सोडलं तर हरळीचं तण माजतं, आणि हरळी काढणं उसापेक्षा महाग पडतं.

कोरं पान

जुळारींच्या उदाहरणांसमोर ही दोन ठेवतो. कवी अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह 1977 साली आला, त्यानंतरचा थेट 2003 साली. भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' ही कादंबरी 1979ची आणि 'हिंदू' 2010ची. मध्ये एकतीस वर्षं. कुठल्या संपादकाने त्यांना मुदत दिली होती? मोठं काम हवं असेल तर मोठी शांतता सोसायची तयारी हवी. आपण लेखकाला दर दिवाळीला हजेरी लावायला लावतो आणि वर म्हणतो, हल्ली कथेत दम राहिला नाही.

जुळारी

या उदाहरणांबद्दल थांबून बोलायला हवं, कारण ती नेहमी याच कामासाठी वापरली जातात. कोलटकर त्या सव्वीस वर्षांत गप्प नव्हते. 2003 साली 'भिजकी वही' आली, आणि त्याच सुमारास 'चिरीमिरी' आणि 'द्रोण'. 'भिजकी वही' ज्याने हातात धरली असेल त्याला सांगावं लागणार नाही, की असं पुस्तक एका पावसाळ्यात होत नसतं. नेमाड्यांनी मधल्या काळात समीक्षा लिहिली, कविता छापल्या, विद्यापीठात शिकवलं. न छापणं वेगळं, न लिहिणं वेगळं. छापू नका असं मी कुणालाही आनंदाने सांगेन.

खोडव्याचं म्हणणं मला पटतं. हरभरा पेरायलाही रानात जावंच लागतं, एवढंच म्हणतो.

निळी शाई

न छापणं आणि न लिहिणं हा फरक मी स्वतःला कधी विचारला नव्हता. चार वर्षांत मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी शूट झालं. कुणी पाहणार नाही असं काही लिहिल्याचं आठवत नाही. नव्वद दिवसांच्या वहीतसुद्धा मी दर पानाखाली मनातल्या मनात 'हे चालेल', 'हे नाही चालणार' असा शेरा देत होते.

पण जुळारी सर, मळमळीचं काय? ती भीती असेल, नसेल. शरीर नाही म्हणत असताना टेबलाशी बसणं मला जमणार नाही.

ओपीडी क्रमांक सहा

मानसोपचाराचं काम करते म्हणून लिहिते. इथे तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडल्या आहेत.

लिहायला बसल्यावर अडणं ही एक. कामाने आलेली 'बर्नआउट' अवस्था ही दुसरी. हा शब्द 1974 साली हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने वापरात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटचं वर्णन करताना तीन खुणा सांगितल्या : शक्ती संपून जाणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था, असं म्हणते. म्हणजे मूळ कामाच्या रचनेत असतं. आठवड्याला सहा भाग आणि रात्री अकराला येणारा सीन, हे मूळ आहे. लेखिकेचा आळस किंवा शिस्त यांचा त्याच्याशी संबंध नाही.

तिसरी गोष्ट नैराश्य, आणि तिथे मला 'पडीक ठेवा' आणि 'रोज लिहा' या दोन्ही सल्ल्यांची काळजी वाटते. दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळपास रोज उदास वाटत असेल, लेखनच काय पण जेवण, माणसं, गाणं यांतलाही रस गेला असेल, झोप बिघडली असेल, तर हा लेखनाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जा. सरकारच्या 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. 'कलावंताला दुःख हवंच' असं म्हणत कित्येक जण उपचारांना उशीर करतात.

निळी शाई, तुम्हाला गाणं ऐकवतं का? जेवण चवीने जातं का? उत्तर इथे देऊ नका, स्वतःला द्या.

पहाटेची लोकल

मी अंबरनाथहून 5:52ची गाडी पकडते. बसायला मिळालं तर लिहिते, मोबाइलवर, एका अंगठ्याने. माझ्याकडे रोज लिहिण्याची शिस्तही नाही आणि मौन घेण्याची सोयही नाही. दोन्हींसाठी वेळ लागतो.

मला त्या म्हणीबद्दल बोलायचंय, कारण माझी आजी खरंच जात्यावर गायची. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण बसण्याबद्दल सांगितली जाते. पण बाई जात्यावर बसायची ती दळायला. ओवी रचायला कुणी बसत नव्हतं. हात खुंट्यावर, डोळे पिठावर, आणि ओवी बाजूने यायची. समोर बहुधा जाऊ किंवा नणंद असायची, एकीने ओळ उचलली की दुसरी पुढे न्यायची. पीठ पडलं की काम झालं. ओवी चांगली झाली की वाईट, कोण विचारणार होतं? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बायांपैकी बहुतेकींनी आयुष्यात पाटीवर अक्षर काढलेलं नव्हतं.

जुळारी काका, तुम्ही जातं काढून घेतलंत आणि बाईला नुसतं खाली बसवलंत. समोर कोरं पान. त्याला जातं म्हणत नाहीत.

जुळारी

हे मी मान्य करतो. ती म्हण मी चाळीस वर्षं चुकीची वापरली.

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. गिरणी आली आणि दळण गेलं, त्याबरोबर ओव्याही गेल्या. रोजचं जे काम होतं ते थांबलं तसं गाणंही थांबलं. लेखकाने स्वतःहून ते थांबवू नये.

खोडवा

सर, एक राहिलं सांगायचं. आम्ही ताग पेरतो. दीड महिन्यात कमरेएवढा होतो, आणि फुलावर यायच्या आत नांगरून जमिनीत गाडतो, खत व्हावं म्हणून. बाजारात न्यायचा नसतोच तो. पहिल्यांदा गाडताना जीव तुटतो, एवढं हिरवं पीक.

ताई, ती दीड वही फाडली नसेल तर ठेवा. उसाचं वाळलं पाचट जाळू नये, सरीत पडू द्यावं.

कोरं पान

खोडवा, उपमा सुंदर आहे, पण मला ती थोडी धोक्याची वाटते. ताग गाडायचा तोही शेवटी पुढच्या उसासाठीच. म्हणजे विश्रांतीसुद्धा उत्पन्नाच्या हिशेबातच. माणसाने कधीतरी काहीच पिकवलं नाही तर चालणार नाही का? ज्यांनी लिहिणं कायमचं सोडलं त्यांना जुळारी 'जखम' म्हणतात. त्यांच्यातले काही सुखी असतील. त्यांना कुणी विचारलं?

जुळारी

एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, 'बरा आहे.' मी पुढे काही बोललो नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

निळी शाई

चार दिवस इथे आले नाही. डॉक्टरताईंच्या दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःला दिली, आणि एकाचं उत्तर आवडलं नाही म्हणून शनिवारी एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिन्ही संपादकांना यंदा जमणार नाही असं स्पष्ट कळवलं. जुळारी सर, रागावू नका. एकाने 'पुढच्या वर्षी मी स्वतः फोन करेन' असं म्हटलं, ते ऐकून बरं वाटलं.

काल आत्याकडे गेले होते. तिची उडदाच्या पापडांची घाई, मला लाट्या करायला बसवलं. हात पिठात असताना तिने आपणहून सांगायला सुरुवात केली. घरी येऊन तिच्याच शब्दांत उतरवून ठेवलं, माझा एकही शब्द घातला नाही. कथा नाही ही आणि होऊ नये. पण पहाटेच्या लोकलने आजीचं सांगितलं म्हणून इथे ठेवते :

"गावात गिरणी आली त्या वर्षी आईनं जातं भिंतीशी उभं केलं. दादा म्हणाला विकू, पाथरवट दोन रुपये देतोय. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठायची सवय, उठून बसली, दळायला काही नाही. मग दिवा लावून नुसती बसायची. मी पांघरुणातून बघायची. ओठ हलायचे तिचे, आवाज नाही. महिनाभर असं चाललं. मग एक दिवस उठलेच नाही म्हणाली, डोळाच उघडला नाही गं. आणि त्या दिवशी बघतो तर भिंतीशी जातं नाही."

एवढंच सांगितलं आणि पापड उन्हात टाकायला गेली.

जुळारी

दादाने विकलं होतं, की आईने?

पहाटेची लोकल

आत्यांना विचारा, महिनाभर ओठ हलत होते तेव्हा ओवी कुठली होती. पांघरुणातली मुलगी ओठांवरून ओळखते.

निळी शाई

पापड अजून दोन किलोंचे बाकी आहेत. रविवारी परत जाते.