हॉटेलवाल्यानं डिपॉझिटमधून हळदीच्या डागाचे पैसे कापले, परत कसे मिळवायचे?

उदगीरकर_भाऊ

मंडळी जरा सल्ला पाहिजे. चुलतबहिणीचं लग्न होतं संभाजीनगरला, कार्यालयातल्या खोल्या पुरेनात म्हणून बीड बायपासकडच्या एका हॉटेलात तीन रूम घेतल्या, दोन रात्री, भाडं एका रूमला रात्रीचे २४००. लग्नाचे पाहुणे म्हणल्यावर काउंटरवाला म्हणला ५००० डिपॉझिट ठेवा, जाताना परत. ठेवलं, फोनवरून लगेच पाठवले.

निघायच्या दिवशी त्यांच्या पोरानं तिन्ही रूम बघितल्या, माझ्यासमोर खाली फोन लावला आन् 'क्लिअर आहे' म्हणला. खाली आलो, बिल भरलं, डिपॉझिटचं विचारलं तर 'साहेब आले की संध्याकाळपर्यंत टाकतो'. गाडीत आत्या अन् म्हातारे बसलेले, ऊन मरणाचं, म्हणलं कुठं वाद घालावा, निघालो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तोवर व्हॉट्सॲपवर हिशोब हजर:

चादरी तीन, ७५० प्रमाणे २२५०
उशीचे अभ्रे चार, १५० प्रमाणे ६००
डीप क्लीनिंग १०००
लेट चेकआउट ८००
एकूण ४६५०, बाकी ३५० परत पाठवले

खाली एक फोटो, त्यात एकच चादर, तीबी अर्धी, कोपऱ्यात पिवळा डाग. पोरी हळदीवरून आल्या होत्या, एका चादरीला लागली असेल तर मी नाही म्हणत नाही. पण बाकीच्या दोन चादरी कुठल्या? आन् लेट चेकआउट काऊन? बाराची वेळ होती, बिल भरल्याचा मेसेज ११:४८ चा आहे माझ्याकडं. फोन केला तर 'सर पॉलिसी आहे' एवढंच. आता उचलतबी नाहीत.

बाकी बिल असं होतं: रूमचे १४४००, त्यावर जीएसटी १७२८, रात्रीचं जेवण ३८०० आन् सर्विस चार्ज ३८०. ते सगळं भरलंय, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त डिपॉझिटचं सांगा.

परळीचा_पावणा

हळद लावून गादीवर लोळल्यावर डाग पडणारच की ओ, भरून टाका. आमच्याकडं गाद्या भाड्यानं देणारेबी असंच कापतात. चार हजारासाठी संभाजीनगरला दोन चकरा मारल्या तर डिझेलच तेवढं जाईल.

उदगीरकर_भाऊ

पावणं, एका चादरीचे घ्या म्हणूनच म्हणलोय मी. तीनचे काऊन देऊ?

नाइट_ऑडिटवाला

मी नांदेडात हॉटेल लाइनलाच आहे, आधी हाउसकीपिंगला होतो आता फ्रंट ऑफिसला, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगतो.

लग्नाच्या पार्टीला डिपॉझिट घेणं चुकीचं नाही. मेंदी, हळद, केकची क्रीम, आम्ही काय काय बघतो ते आमचं आम्हालाच माहीत. एकानं तर पडद्याला तळलेल्या माशाचे हात पुसले होते. पण जे कापायचं ते गेस्ट समोर असताना दाखवून कापायचं असतं. रूम बॉयनं क्लिअर दिलं म्हणजे चादर, टॉवेल, मिनीबार, रिमोट, काच सगळं बघून दिलं असा अर्थ आहे, त्या फोनसाठीच तर त्याला वर पाठवतात. बहुतेक ठिकाणी रिसेप्शनला किंवा हाउसकीपिंगच्या वहीत त्याची वेळ टाकतात. ती नोंद मागा. क्लिअर दिल्यावर तासाभरानं तीन चादरी खराब निघतात तर मग त्या पोरानं बघितलं काय?

दुसरं, डाग पडलेली चादर कुणी लगेच फेकून देत नाही. लाँड्रीला जाते. हळदीचं असं आहे की साबण लागला की डाग लाल होतो, बघणारा घाबरतो, पण धुऊन दोन-चार दिवस कडक उन्हात टाकली की रंग उडतो. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. म्हणजे खर्च आला धुलाईचा, नव्या चादरीचा नाही. खरंच बाद झाली असेल तर तीन गोष्टी मागा: खरेदीचं बिल, लाँड्रीचा मेमो, आणि ती चादर. हो, चादर! पूर्ण किंमत घेतली ना, मग माल माझा, कुरिअरनं पाठवा म्हणायचं. हे मागितलं की बऱ्याच वेळा मॅनेजरचा आवाज खाली येतो, कारण ती चादर तोवर दुसऱ्या रूममध्ये अंथरलेली असते 😄

डीप क्लीनिंग कशाचं ते विचारा. गादी, सोफा, कार्पेट? फोटो तर चादरीचा आहे.

एक मात्र बघून घ्या, चेक-इनला ज्या कार्डावर सही केली त्याच्या मागं काय छापलंय. 'लिनन डॅमेज' चा, म्हणजे चादरी-अभ्रे खराब केल्याचा दर तिथं लिहिलेला असेल तर त्यांची बाजू थोडी बळकट होते. काउंटरमागं बोर्डावर होता का तेबी आठवा. कुठंच नसेल तर ही 'पॉलिसी' तुम्ही मांजरसुंब्याला पोचल्यावर तयार झाली असं समजा.

कोर्टाची_पायरी

भाऊ, तुम्ही डिपॉझिटमागं लागलात आणि ज्याबद्दल 'तक्रार नाही' म्हणता तिथंच त्यांनी तुमचा खिसा कापलाय.

१४४०० वर १७२८ म्हणजे १२ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७५०० पर्यंत भाड्याच्या रूमला जीएसटी ५ टक्के आहे. तुमचं लग्न याच सीझनचं ना? मग ७२० व्हायला पाहिजे होते, १००८ जास्त घेतलेत. सॉफ्टवेअरमध्ये दर बदलला नाही म्हणतील, असेलबी तसं, पण पैसे तुमचे गेले. बिलावर जीएसटी नंबर आहे का बघा, १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी साइटवर फुकट तपासता येतो, त्याच नावानं आहे का, चालू आहे का का रद्द झालाय. नंबरच नसताना जीएसटी लावला असेल तर मग विषयच वेगळा.

सर्विस चार्जचे ३८० पण तसेच. सेंट्रल कन्झ्युमर प्रोटेक्शन अथॉरिटीनं ४ जुलै २०२२ ला गाइडलाइन काढली की हॉटेल-रेस्टॉरंटनं तो बिलात आपोआप लावायचा नाही, गिऱ्हाइकानं खुशीनं दिला तर दिला. हॉटेलवाले कोर्टात गेले, २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं गाइडलाइन उचलून धरली. तुम्ही खुशीनं दिला का? नाही, छापून आला आणि भरला.

आता रस्ता. आधी फोन बंद, लेखी सुरू करा. व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर. त्यात मुद्दे सुटे सुटे लिहा, एका चादरीची धुलाई द्यायला तयार आहे हे स्पष्ट लिहा, कारण उद्या कुणी तिसऱ्यानं वाचलं तर माणूस सरळ आहे असं दिसलं पाहिजे. आठ-पंधरा दिवसांची मुदत द्या. डिपॉझिट पाठवल्याचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, त्यात टाका, १२ अंकी असतो, फोनमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. बँकेत तक्रार करत बसू नका, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, तिथं काही होणार नाही.

उत्तर नाही आलं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते हॉटेलला तक्रार पाठवतात, मध्यस्थी करतात, आदेश देऊ शकत नाहीत. तरी छोट्या रकमेत बऱ्याचदा तिथंच मिटतं.

तिथंही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आणि पावणं, डिझेल जाळायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे यांना लातूर चालतं, यायचं हॉटेलवाल्यानं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. तारखा पडतात हे खरं, त्याला औषध नाही. पण हॉटेलवाल्याला ५-६ हजारासाठी लातूरच्या वाऱ्या नको असतात हे आपलं खरं हत्यार.

परळीचा_पावणा

हे लातूरचं माहीत नव्हतं. मग लढा 👍

जिंतूरची_सून

मधेच घुसते, सॉरी. आमचं असं झालं की आमच्याकडून डिपॉझिट नव्हतं घेतलं, चेक-इनला कार्ड स्वाइप करून घेतलं होतं मिस्टरांचं, आणि घरी आल्यावर मिनीबारचे म्हणून पैसे कटले, ओटीपी वगैरे काहीच नाही. आम्ही तो फ्रिज उघडलाच नव्हता, तो चालूच होत नव्हता. यात काय करायचं?

कोर्टाची_पायरी

ताई तुमचं वेगळं. तुमच्याबाबतीत बँक कामाची. चेक-इनला त्यांनी रक्कम ब्लॉक करून ठेवली असेल आणि नंतर त्यातून ओढली असेल. तसं असेल तर 'डिस्प्युट' फॉर्म भरा, बिलाची कॉपी आणि चेकआउटची पावती जोडा. आणि ब्लॉक वगैरे काही नव्हतं, कार्ड नंबर लिहून ठेवून नंतर मारला असेल, तर ते गंभीर आहे, १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार-हॉटेलवाल्यांना कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. काहीही असो, आजच बँकेला लेखी कळवा, जितका उशीर तितकी तुमची बाजू पडते. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तक्रार ऑनलाइन होते.

नाइट_ऑडिटवाला

ताई, त्या मिनीबारची रोजची रिफिल शीट असते, कोणत्या तारखेला काय भरलं, कुणी भरलं, सहीसकट. ती मागा. बंद फ्रिजमध्ये कुणी काय भरलं ते मलाबी बघायचंय.

उदगीरकर_भाऊ

लई उपकार झाले. जीएसटीचं तर ध्यानातच आलं नव्हतं, घरी बिल काढून बघितलं, १२ टक्के असं छापलेलंच आहे. कार्डामागचं काही आठवत नाही, पण भाच्यानं रील काढताना काउंटर आलंय त्यात, मागं बोर्डावर चेकआउट १२ आन् 'बाहेरचे जेवण आणू नये' एवढंच आहे, चादरीचं काही नाही. मेसेज लिहिलाय, बघा बरं:

"नमस्कार. आमच्या तीन रूमच्या मुक्कामाबाबत. १) चेकआउटला तुमच्या कर्मचाऱ्यानं तिन्ही रूम तपासून क्लिअर दिल्या. नंतर तीन चादरी व चार अभ्रे खराब दाखवून २८५० कापले, फोटो एकाच चादरीचा आहे. एका चादरीच्या धुलाईचा खर्च लाँड्रीच्या पावतीप्रमाणे द्यायला तयार आहे. बाकीचं मान्य नाही. २) डीप क्लीनिंग १०००, कशाचं ते कळवा, नाहीतर परत करा. ३) लेट चेकआउट ८००, बिल ११:४८ ला भरलेलं आहे, स्क्रीनशॉट सोबत. ४) रूमवर जीएसटी ५ ऐवजी १२ टक्के लावला, १००८ जास्त. ५) सर्विस चार्ज ३८० न विचारता लावला. पंधरा दिवसांत पैसे परत न केल्यास ग्राहक आयोग, लातूर इथं तक्रार करीन आणि गूगलवर एक स्टार देऊन तुमचा धंदा बसवीन."

कोर्टाची_पायरी

शेवटचं धंदा बसवायचं काढा ओ, तेवढंच एक वाक्य दाखवून ते म्हणतील हा माणूस धमकी देऊन पैसे उकळतोय. रिव्ह्यू लिहायचा तर निकाल लागल्यावर लिहा, जे झालं तेवढंच, आकड्यासकट. आणि मुद्दा १ मध्ये चादर परत मागायचं राहिलं.

नाइट_ऑडिटवाला

आणि सोमवारी चेकआउटची वेळ टळल्यावर पाठवा. चेकआउटच्या गर्दीत मेसेज आला तर रिसेप्शनवालं पोरगं नुसतं बघून सोडून देतं, मालकापर्यंत जातच नाही.