चालू डिस्क ड्राइव्ह काढून ओडीई बसवावा का? (ड्रीमकास्ट, सॅटर्न, प्लेस्टेशन १, गेमक्यूब)

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

जुना कन्सोल हातात आला की पहिला सल्ला हल्ली एकच मिळतो: ड्राइव्ह काढा, ओडीई टाका. ओडीई म्हणजे ऑप्टिकल ड्राइव्ह एम्युलेटर. ड्राइव्हच्या जागी बसणारा हा बोर्ड कन्सोलला भासवतो की डिस्क फिरते आहे, आणि गेम मात्र एसडी कार्डावरून देतो. ड्रीमकास्टसाठी जीडीईएमयू, सॅटर्नसाठी फेनरिर, प्लेस्टेशन १ साठी एक्सस्टेशन, गेमक्यूबसाठी जीसी लोडर ही त्यातली ठळक नावं.

माझं म्हणणं असं की ड्राइव्ह डिस्क वाचत असेल तर तिला हात लावू नये. ‘मेली’ म्हणून काढलेल्या बऱ्याच ड्राइव्ह मेलेल्या नसतात. पुण्याचा पावसाळा चार महिने कपाटात काढलेल्या कन्सोलच्या लेन्सवर धुरकट थर बसतो, आणि ज्या दांड्यांवरून लेझर सरकतो त्यांवरचं ग्रीस घट्ट होतं. ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापसाच्या काडीवर घ्या, लेन्स न दाबता हलक्या हाताने पुसा. जुनं ग्रीस पूर्ण काढून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मॉडेलांत लेझरची सरकपट्टी प्लॅस्टिकची होती. ती झिजली की लेझर कलतो, म्हणून लोक कन्सोल उलटा ठेवून खेळायचे. तिथेही लेझर युनिट बदलून काम भागतं, सगळी ड्राइव्ह फेकायची गरज नाही.

ड्रीमकास्टबाबत तर निदानच चुकतं. खेळताना मध्येच रीसेट होतो म्हणून ड्राइव्हवर खापर फुटतं. अनेकदा खरा दोष मदरबोर्डवरून पॉवर सप्लायच्या सॉकेटात जाणाऱ्या सहा पिनांचा असतो. त्या काळवंडतात, संपर्क ढिला होतो. जीडीईएमयू बसवल्यावरही रीसेट तसाच राहतो आणि मग माणूस बोर्डाला दोष देतो.

---

लेझर४४०

पिनांबद्दल पूर्ण सहमत, बाकी मुद्द्याला ठाम विरोध.

ड्रीमकास्टची जीडी-रॉम (त्याच्या खास डिस्कांची) ड्राइव्ह यामाहाची असो की सॅमसंगची, नवीन कुणी बनवत नाही. जे सुटे भाग म्हणून मिळतं ते दुसऱ्या कन्सोलमधून काढलेलं, तितकंच जुनं. लेझर डायोड तापतो, झिजतो, आणि गेलेला डायोड साफसफाईने परत येत नाही. मग लोक लेझरचा छोटा पॉट, म्हणजे फिरवता येणारा रेझिस्टर, फिरवतात. त्याने करंट वाढतो, डिस्क काही दिवस वाचली जाते आणि डायोडचं उरलेलं आयुष्य भराभर संपतं. ज्याला ही ड्राइव्ह टिकवायची आहे त्याने ती चालू असतानाच काढून ठेवावी. मेल्यावर काढून काय जपणार?

प्लेस्टेशनच्या केएसएम-४४० मालिकेतले लेझर नवीन म्हणून मिळतात हे खरं. पण त्यांच्या दर्जाचा भरवसा नाही. एक युनिट सुरळीत चालतं, तर तसंच दिसणारं दुसरं व्हिडिओ अडखळत दाखवतं.

---

मेकॅनिक_सदाशिव

वाद चालू द्या, पण बसवायचाच असेल तर नीट बसवा. ड्रीमकास्टचं सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

आधी कन्सोल उलटा करून तळाचं लेबल बघा. त्यावर वर्तुळात ०, १ किंवा २ असा आकडा असतो. जीडीईएमयू फक्त १ वर, म्हणजे व्हीए१ बोर्डावर चालतो. व्हीए० मध्ये ड्राइव्हकडे जाणारे सिग्नल ५ व्होल्टचे आहेत, व्हीए१ मध्ये ३.३ व्होल्टचे. लेबलावर अवलंबून राहू नका, उघडल्यावर मदरबोर्डवरचा छापही वाचा. जुन्या बाजारातल्या कन्सोलची कवचं अदलाबदल झालेली असू शकतात.

वायर भिंतीतून काढा आणि दहा मिनिटं थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे. ड्रीमकास्टचा पॉवर सप्लाय उघडा असतो, त्यावर वेगळं झाकण नाही. २३० व्होल्टवर त्याचा मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्ट डीसीला चार्ज होतो. झाकण काढल्यावर डाव्या बाजूला बोट नेऊ नका.

मोडेम ओढून काढा. तळाला चार स्क्रू आहेत, त्यातला एक मोडेमखाली लपलेला. वरचं कवच उचला. ड्राइव्ह धरणारे स्क्रू सोडवा, मग कनेक्टरच्या बाजूला बोटं घालून ती सरळ वर उचला. तिरकी उचलली तर मदरबोर्डवरच्या कनेक्टरच्या पिना वाकतात. जीडीईएमयू त्याच कनेक्टरवर बसतो, सोल्डरिंग लागत नाही. दाबताना चारी कडा समांतर खाली जातायत का ते पाहा. अर्धवट बसलेला बोर्ड दिवा लावतो, पण मेन्यू काही येत नाही.

उघडलंच आहे तर पॉवर सप्लाय उचलून त्या सहा पिना आयपीएने चमकेपर्यंत पुसा. कंट्रोलर पोर्टच्या बोर्डावरची घड्याळाची बॅटरीही बघून घ्या. ती एमएल२०२० जातीची, रिचार्ज होणारी आहे. होल्डर लावून एमएल२०३२ टाका. साधी सीआर२०३२ थेट टाकू नका, कन्सोल तिला चार्ज करायला बघतो आणि ती फुगून गळते.

आता कार्ड. एफएटी३२ मध्ये, ३२ केबी क्लस्टर ठेवून फॉरमॅट करा. ३२ जीबीवरच्या कार्डाला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत हा पर्याय सहसा दिसत नाही, वेगळं टूल लागतं. फोल्डरची नावं ०१, ०२, ०३ अशी, मधला आकडा गाळायचा नाही, आणि हे आकडे इंग्रजी (01, 02) हवेत. ०१ मध्ये गेम निवडायचा मेन्यू (जीडीमेन्यू किंवा ओपनमेन्यू), पुढच्या प्रत्येकात एक डिस्क. जीडीआय प्रतिमेत (डिस्कच्या प्रतीत) एक यादीची फाइल आणि ट्रॅकच्या तीन किंवा जास्त फाइली असतात. यादीतली नावं आणि ट्रॅकच्या फाइलींची नावं तंतोतंत जुळली पाहिजेत. मॅकवरून कॉपी केलं तर लपलेल्या फाइली आधी उडवा.

कार्ड वापरण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ने पूर्ण भरून तपासा. खोट्या क्षमतेच्या कार्डावर पहिले काही गेम नीट चालतात आणि पुढचे लोडिंगलाच अडकतात. दोष मात्र ओडीईच्या माथी जातो.

---

निळा_फ्लक्स

सदाशिवराव, १२ व्होल्टचं राहिलं. ड्राइव्हची मोटर ज्या १२ व्होल्टच्या लाइनवर ओढ घ्यायची ती ओढ ड्राइव्हबरोबर निघून जाते. भार नसलेली लाइन वर चढते आणि पॉवर सप्लायचा सगळा तोल बदलतो. यावर दोन उपाय सांगितले जातात. एक, १२ व्होल्टची पिन जोडणीतून बाजूला करायची. दोन, १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये रेझिस्टर लावून खोटा भार द्यायचा.

दुसऱ्या उपायाचं गणित करूनच रेझिस्टर घ्या. ४७० ओहमला करंट साधारण २५ मिलिअँपिअर आणि उष्णता ०.३ वॉट. २२० ओहमला ५५ मिलिअँपिअर आणि ०.६५ वॉट. म्हणजे ४७० ला निदान १ वॉटचा आणि २२० ला २ वॉटचा रेझिस्टर हवा. पाव वॉटचा लावला तर जळतो. तापकीर गल्लीत दोन्ही प्रकार सहज मिळतात. रेझिस्टर प्लॅस्टिकला किंवा वायरीच्या वेष्टणाला टेकू देऊ नका.

मला पहिल्यापेक्षा दुसरा उपाय पटतो, कारण पिन बाजूला केली तरी सप्लायच्या आत ती लाइन बिनभाराचीच राहते.

---

पर्वतीपायथा

हेच तर म्हणतोय. मोटर होती तेव्हा सप्लायला जो भार अपेक्षित होता तो होता. आता आपण भार काढायचा आणि त्याच्या जागी बंद पेटीत उष्णता सोडणारा रेझिस्टर घालायचा. याला सुधारणा कशी म्हणायची?

शिवाय बाजारात जीडीईएमयू म्हणून विकले जाणारे बरेच बोर्ड मूळ निर्मात्याचे नाहीत, नकला आहेत. त्यांवर मूळ फर्मवेअर चढवायला गेलं की बोर्ड कायमचा बंद पडतो. ज्याने डिझाइन केलं त्याच्या हाती त्यातला एक पैसाही पडत नाही. हा मुद्दा मला तांत्रिक मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

---

निळा_फ्लक्स

नकलांबद्दल वाद नाही, आणि त्यांचं फर्मवेअर आहे तसंच ठेवावं हेही बरोबर. सप्लायबद्दल मात्र तिसरा रस्ता आहे: जुना सप्लायच काढा. ड्रीमपीएसयूसारखा बोर्ड बाहेरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो आणि ५ व ३.३ व्होल्ट आत तयार करतो. १२ व्होल्ट अडॅप्टरमधूनच स्थिर येतात, त्यामुळे खोट्या भाराचा प्रश्न संपतो आणि ३२५ व्होल्टचा कपॅसिटर पेटीतून बाहेर जातो.

पुण्यात याचा आणखी एक फायदा. जपानी ड्रीमकास्ट १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० चा. आपल्या २३० वर थेट लावला की फ्यूज किंवा कपॅसिटर उडतो. मूळ सप्लाय ठेवायचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० व्हीए पुरेसा आहे. जपानी कन्सोलला १०० व्होल्टचाच टॅप मागा. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाची चिंता नको, सप्लाय स्विचिंग प्रकारचा आहे.

---

कर्वेरोड_पश्चिम

कार्डावर काय टाकायचं याबद्दल कुणीच बोललं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला संगणक प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करू देतं, पण ती नुकसान किंवा नाशापासून संरक्षण म्हणून. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्याला लागू होतं. म्हणजे स्वतःच्या डिस्कची प्रत हा भक्कम पाया आहे. कुणीतरी भरून दिलेल्या कार्डाला तो आधार मिळत नाही.

आणि इथेच पर्वतीपायथा यांच्या बाजूने एक मुद्दा निघतो. जीडी-रॉमचा सुमारे १ जीबीचा दाट भाग संगणकाच्या साध्या ड्राइव्हला वाचता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे ड्रीमकास्टच्या मागच्या सिरियल पोर्टला एसडी अडॅप्टर लावायचा आणि सीडी-आरवरून डंपिंगचं सॉफ्टवेअर सुरू करून डिस्क उतरवायची. सिरियल पोर्ट मंद आहे, एका डिस्कला तास जातात. पण यासाठी ड्राइव्ह जागेवर आणि चालू लागते. व्हीए२ मध्ये तर सीडी-आरवरून बूट होण्याची सोयच काढून टाकली आहे. म्हणून आधी सगळ्या डिस्का उतरवा, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

प्लेस्टेशनच्या डिस्का संगणकावरच निघतात, पण बिन आणि क्यू स्वरूपात काढा. आयएसओमध्ये सीडीवरचं संगीत गळतं. युरोपातल्या काही डिस्कांना लिबक्रिप्ट संरक्षण आहे, त्यांना सोबत एसबीआय फाइल लागते.

---

लेझर४४०

आधी डंप, मग ड्राइव्ह बाहेर, हा क्रम मान्य. मीही ‘चालू असताना काढा’ म्हणतो तेव्हा तेवढा वेळ हाताशी असतो हेच कारण आहे.

एक्सस्टेशनबद्दल मात्र इशारा. तो जीडीईएमयूसारखा नुसता खोचायचा नसतो. लवचिक पट्टी मदरबोर्डवर सोल्डर करावी लागते आणि सांधे अगदी जवळजवळ असतात. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश, ०.५ मिमीची ६३/३७ सोल्डर वायर, भरपूर फ्लक्स, आणि भिंगाखाली प्रत्येक जोड मीटरने तपासायचा. शेजारचे दोन पाय जोडले गेले तर काळा पडदा येतो आणि कारण शोधण्यात तास जातात. हात बसलेला नसेल तर भंगार बोर्डावर आधी सराव करा. प्लेस्टेशनचा दुसरा ओडीई, पीएसआयओ, मागच्या पॅरलल पोर्टात बसतो, पण ९००० मालिकेपासून सोनीने तो पोर्टच काढून टाकला.

---

पर्वतीपायथा

मग सॅटर्न आणि गेमक्यूबबद्दल माझ्या बाजूने बोलतो, कारण तिथे ड्राइव्ह न काढताही काम होतं. सॅटिएटर सॅटर्नच्या मागच्या व्हिडिओ सीडी कार्डाच्या खाचेत बसतो. कन्सोल उघडायचा नाही, ड्राइव्ह जागेवर. त्याच झाकणामागे सीआर२०३२ आहे, तीही लगेच बदलून घ्या, नाहीतर सेव्ह उडतात. गेमक्यूबला फ्लिपीड्राइव्ह ड्राइव्ह आणि मदरबोर्डच्या मध्ये बसतो आणि मूळ डिस्काही चालू राहतात. असे पर्याय असताना ड्राइव्ह उपटणारा फेनरिर किंवा जीसी लोडर का निवडायचा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

---

मेकॅनिक_सदाशिव

कारण ज्यांची ड्राइव्ह खरोखरच गेली आहे त्यांना तिचं ओझं जागेवर ठेवून काही मिळत नाही. चालू ड्राइव्हवाल्यांनी मात्र तुमचंच ऐकावं, सॅटर्न आणि गेमक्यूबपुरतं. ड्रीमकास्टला तितका सोयीचा पर्याय नाही, तिथे मी लेझर४४० यांच्याकडे आहे.

काढलेली ड्राइव्ह वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकू नका. लेन्स पुसा, अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी घाला, आणि पिशवीवर कन्सोलचा सिरियल नंबर व बोर्डाचा प्रकार लिहा. ड्राइव्हचे स्क्रू त्याच पिशवीत. जून लागण्याआधी दरवर्षी पुडी बदला.